उधारी न करणारा भरवसा

  वऱ्हाडात काळी जमीन आहे, पऱ्हाटी आणि तूर आहे, आणि मे महिन्याच्या अखेरीस आभाळाकडे लागलेले डोळे आहेत. पाऊस येण्याआधीच कोरड्या रानात सरकी टाकून मोकळे व्हायचे, ही धूळपेरणी या भागाला नवी नाही. पाऊस वेळेवर आला तर पीक आठ-दहा दिवस पुढे निघते, नाही आला तर बियाणे मातीत जाते. असे शेत करणाऱ्या माणसाला ‘देवावर भरवसा ठेव’ हे वेगळे शिकवावे लागत नाही, असे वरवर वाटते. तरीही याच मुलखात, अचलपूरपासून अकोला-खामगावपर्यंतच्या पट्ट्यात, गेल्या दीडशे वर्षांत देवाच्या इच्छेला शरण जाण्याची एक वेगळी रीत ख्रिस्ती माणसांनी आणली, काही ठिकाणी रुजवली, काही ठिकाणी ती त्यांच्याच हातून बिघडली. तिचा इतिहास नीट पाहिला तर एक गोष्ट ठळक होते. ही शरणागती जिथे टिकली तिथे तिला काटेकोर शिस्त होती: दिवसाचे काम पुरे करायचे, हिशेब उघडा ठेवायचा, कर्ज काढायचे नाही, आणि मग फळाची सूत्रे देवाच्या हाती सोडायची. यातले पहिले तीन सोडून फक्त चौथे धरले, तिथे ती निकामी ठरली.

हे म्हणताना मराठी माणसाच्या ओठावर एक म्हण येणारच: असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. आपल्या भाषेने देवभोळ्या आळसाला दिलेली ही चपराक आहे, आणि वऱ्हाडाने तिला आणखी धार लावली. शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन, कर्ज काढून तीर्थयात्रा करू नका, नवसासाठी बकरे कापू नका, असे आयुष्यभर बजावले. यावलीच्या तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ग्रामगीतेत गावाचे रस्ते, आरोग्य, शेती हाच भक्तीचा विषय केला. तेव्हा देवाला सर्व सोपवण्याची भाषा करणाऱ्या कुठल्याही धर्माला या भूमीत पहिला प्रश्न हाच विचारला जाईल की, तुम्ही सोपवता म्हणजे नेमके काय करता? ख्रिस्ती इतिहासाकडेही हाच प्रश्न घेऊन जाणे योग्य आहे. त्याला उत्तर प्रवचनांत मिळत नाही. दुष्काळात लोकांनी काय केले यातून मिळते.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६७ मध्ये मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग पूर्ण झाला तो अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा कापसाच्याच मुलखातून. कापसाबरोबर रोख पैसा आला आणि पैशाबरोबर सावकार आला. खाण्याची ज्वारी पिकवणारी जमीन बाजाराच्या पिकाखाली जाऊ लागली. मिशनरी आले ते याच काळात. आल्बर्ट नॉर्टन हे अमेरिकी गृहस्थ १८७० च्या दशकात एलिचपूर, म्हणजे आजच्या अचलपूरच्या परिसरात कोरकू आदिवासींमध्ये काम करू लागले. त्यांच्यामागे कुठल्याही मोठ्या मंडळाचा बांधलेला पगार नव्हता. त्यांच्या कामात पुढे जेनी फ्रो ही तरुणी दाखल झाली. मार्क फुलर यांच्याशी लग्न झाल्यावर ती जेनी फुलर म्हणून ओळखली गेली, आणि या दांपत्याचे नाव अकोल्याशी कायमचे जोडले गेले. न्यूयॉर्कच्या ए. बी. सिम्पसन यांची अलायन्स मिशन १८९० च्या दशकात अकोला, अमरावती, खामगाव या गावांत पसरली ती फुलरांच्या देखरेखीखाली. मेळघाटाच्या बाजूला १८९० पासून कोरकूंसाठी दुसरी एक मिशन उभी राहिली. परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याचे कुष्ठरोग रुग्णालय हा तिचाच वारसा. ही सगळी माणसे ज्या तत्त्वावर जगू पाहत होती त्याचा आदर्श इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात होता. तिथे जॉर्ज म्यूलर हजारो अनाथ मुले सांभाळत होते आणि त्यांचा नियम असा होता की, गरज माणसापुढे मांडायची नाही, देवापुढे मांडायची. आणि कितीही अडचण आली तरी एका दिवसाचीही उधारी करायची नाही. दरवर्षी ते पै-पैचा जमाखर्च छापून प्रसिद्ध करत.

मुंबईत या जगण्याचे उदाहरण त्याही आधीचे आहे. अमेरिकी मिशनरी जॉर्ज बोवेन १८४८ मध्ये आले आणि वर्षभरातच मिशनचा पगार सोडून बाजारवस्तीत अगदी साधेपणाने राहू लागले. १८८८ मध्ये मरेपर्यंत त्यांनी तो पुन्हा घेतला नाही. पण त्यांनी स्वतःला कामातून मोकळे केले नव्हते. ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र ते वर्षानुवर्षे चालवत होते. पगाराची हमी सोडली, पण अंकाची तारीख पाळली. पुढे जेनी फुलर यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या हालांवर लिहिलेले पुस्तक १९०० मध्ये निघाले, त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. अकोल्यात बसून बालविवाह, वैधव्य आणि कायद्यातल्या पळवाटा यांची माहिती गोळा करणारी ही बाई देवाला शरण गेलेली होती, आणि म्हणूनच ती गप्प बसली नाही, असे मी म्हणेन.

रमाबाईंचे उदाहरण या चर्चेच्या मध्यभागी आहे, कारण खाटल्यावर देणाऱ्या हरीची वाट पाहणे म्हणजे काय हे त्यांनी घरात पाहिले होते. १८७० च्या दशकातल्या दक्षिणेकडच्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून हिंडत होते. जवळचे होते-नव्हते ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेले. शारीरिक कष्टाची सवय नव्हती आणि हात पसरायचा संकोच होता, असे रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहिले. १८७४ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने आई-वडील दोघेही गेले. त्या वेळी रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. एवढे सोसलेली स्त्री पुढे ख्रिस्ती होऊन पुन्हा देवावरच सर्व भार टाकते, याचा अर्थ काय लावायचा? टीकाकार म्हणतील, देव बदलला, स्वभाव तोच राहिला. पण पुरावा उलटे सांगतो. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे ऐकल्यावर त्या स्वतः तिकडे गेल्या आणि अनाथ मुली, तरुण विधवा यांना घेऊन आल्या. ही संख्या शेकड्यांत होती. त्यांच्या कामाला अमेरिकेतल्या मंडळाने दिलेले दहा वर्षांच्या मदतीचे वचन संपत आले होते. अशा वेळी त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला जमीन घेऊन ठेवली होती, तिच्यात फळझाडे लावली होती, विहिरी खोदल्या होत्या. मुली विणकाम, घाणा, गोठा, छापखाना शिकल्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून रमाबाईंनी बायबलचे जे मराठी भाषांतर केले, त्याचे खिळे याच मुलींच्या हातांनी जुळवले गेले. आज दाणे नाहीत म्हणून त्या गुडघ्यांवर जात, हे खरे. पण त्याच दिवशी विहिरीवरचे काम थांबत नव्हते.

याहून बोलका प्रसंग १८९७ च्या प्लेगचा आहे. पुण्यात सरकारी प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांची जी आबाळ होत होती, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिले. प्रकरण थेट ब्रिटिश संसदेत गेले आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांना त्यावर खुलासा करावा लागला. त्यांनी आरोप फेटाळले, पण रमाबाई मागे हटल्या नाहीत. घडते ते देवाचीच इच्छा म्हणून मान्य करायचे, असा शरणागतीचा अर्थ असता तर हे पत्र लिहिलेच गेले नसते. ख्रिस्ताने अटकेच्या रात्री बागेत केलेली प्रार्थना याच वळणाची आहे. आधी तो दुःख टळावे अशी स्पष्ट मागणी करतो आणि मग पित्याच्या इच्छेला मान देतो. मागणी दडपून टाकणे हा त्या शरणागतीचा भाग नाही. जे ख्रिस्ती घर आजारपणात ‘देवाची मर्जी’ म्हणून सुस्कारा टाकते आणि डॉक्टरकडे जायला उशीर करते, त्याने हा क्रम उलटा केलेला असतो.

वऱ्हाडाची खरी कसोटी १८९९ मध्ये लागली. त्याआधी या प्रांताला आपल्या जमिनीचा मोठा अभिमान होता. दुष्काळ दख्खनला पडतो, वऱ्हाडला नाही, अशी समजूत होती. त्या वर्षी पाऊस गेला. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती, ती १९०१ मध्ये सुमारे २७ लाख ५४ हजारांवर आली. रेल्वे असल्याने धान्य बाहेरून येत होते, पण मजुराच्या हातात ते घेण्याइतका पैसा नव्हता, आणि उपासामागून पटकी आली. अलायन्सने अकोल्यात मुलांसाठी आणि खामगावात मुलींसाठी अनाथगृहे चालवली. मुलांना हातचा धंदा शिकवला. नॉर्टन यांनीही दौंडला मुलांसाठी असेच घर काढले. त्या अनाथांतूनच वऱ्हाडातल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग घडला: शिक्षक, सुतार, परिचारिका, बायबल वाचून दाखवत गावोगाव फिरणाऱ्या बाया.

इथे आक्षेपांची गर्दी होते आणि ती टाळणे प्रामाणिकपणाचे नाही. पहिला आक्षेप असा की उपाशी पोराच्या पुढ्यात भाकर ठेवून त्याला धर्म शिकवला, यात त्याची इच्छा कुठे होती? याला मला पूर्ण उत्तर देता येत नाही आणि कोणी देऊ नये. मुलाच्या तोंडी पडलेला घास खरा होता. त्याने पुढे त्या श्रद्धेत राहायचे की नाही याचा निर्णय त्याने मोठेपणी घेतला असेल तरच ती त्याची शरणागती म्हणता येईल. दुसरा आक्षेप पैशाचा. माणसाकडे मागायचे नाही म्हणायचे आणि आपल्या मासिकात रिकाम्या कणग्यांचे वर्णन छापायचे, हे न मागता मागणेच झाले. रमाबाईंच्या केडगावच्या संस्थेचे ‘मुक्ती प्रेयर बेल’ हे पत्र इंग्रजीतून परदेशी वाचकांपर्यंत जात होते. हा आक्षेप बराचसा खरा आहे. पण त्यातून भरवसा खोटा ठरत नाही, फक्त तो माणसांच्या हातांतूनच पुरा होत होता एवढे कळते. आणि त्या हातांना हिशेब दिला जात होता. तिसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. गोऱ्या मिशनऱ्याला पगाराविना राहणे परवडे, कारण आजारी पडल्यावर परतायला मागे एक देश होता. अकोल्याच्या ख्रिस्ती शिक्षकाच्या मागे काय होते? जात गेली, भाऊबंदकीतला वाटा गेला, उरला तो मिशनचा महिन्याचा पगार. त्याला ‘देवावर विसंबून राहा’ असे सांगणे आणि त्याच वेळी त्याच्या बदलीचा कागद साहेबाने काढणे, यात देवाची इच्छा आणि साहेबाची इच्छा यांची सरमिसळ झाली. शरणागतीची सगळ्यात मोठी विकृती मला इथे दिसते.

ही गाठ सोडवण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न मराठी माणसानेच केला. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, वीसेक वर्षे अमेरिकन मिशनमध्ये काम केले, आणि १९१७ मध्ये ते पगारी काम सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसू शकत होते. १९१९ मध्ये टिळक गेले, प्रयोग फार पुढे गेला नाही. पण त्यांनी देवाची इच्छा आणि मिशनची आज्ञा वेगवेगळी करून दाखवली, आणि त्याची किंमत संसारात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीही भरली हे त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक आहे. पुरुषाने समर्पण करायचे आणि चुलीची काळजी बाईने वाहायची, हा भरवशाच्या इतिहासातला न लिहिलेला जमाखर्च आहे.

औषधाच्या बाबतीतही वऱ्हाडात दोन प्रवाह शेजारी-शेजारी वाहिले. अलायन्सच्या शिकवणीत ख्रिस्त आरोग्यदाता आहे यावर मोठा भर होता, आणि प्रार्थनेनेच बरे होण्याची अपेक्षा ठेवणारी माणसे त्या काळात होती. दुसरीकडे कोठाऱ्याला गावाने बाहेर काढलेल्या कुष्ठरोग्याच्या जखमा रोज धुतल्या जात होत्या. दोघांचीही प्रार्थना एकाच देवाकडे होती. मला कोठाऱ्याची वाट ख्रिस्ती शरणागतीच्या जास्त जवळची वाटते: बरे होणे देवाच्या हाती, पट्टी बदलणे आपल्या हाती.

आणि कर्जाचा नियम. म्यूलरांचा हा नियम वऱ्हाडाइतका दुसऱ्या कुठल्या मुलखाला लागू पडला नसता. इथे देव पावला नाही म्हणून माणूस खचतो त्याहून सावकाराचा तगादा आला म्हणून जास्त खचतो. ते शंभर वर्षांपूर्वी खरे होते आणि आजही आहे. मात्र एक भेद स्पष्ट करायला हवा. मिशन कर्ज टाळू शकत होती, कारण तिला पेरणी करायची नव्हती. शेतकऱ्याला बियाण्यासाठी पीककर्ज घ्यावेच लागते, आणि ते घेणे हा अविश्वास नव्हे. लग्नातल्या मानपानासाठी, मोठेपणासाठी, किंवा प्रार्थनेच्या बदल्यात भरभराट विकणाऱ्या प्रचारकाच्या झोळीसाठी काढलेली उधारी मात्र या नियमाला सरळ छेद देते. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत मागणी एका दिवसाच्या भाकरीची आहे. वर्षाच्या भरभराटीचा करार तिच्यात नाही.

या सगळ्याचा पुरावा बहुतेक इंग्रजीत आहे आणि तो मिशनऱ्यांच्या लेखणीतून आला आहे. अनाथगृहातली मुलगी रात्री काय म्हणाली असेल, बदली झालेल्या शिक्षकाच्या बायकोने देवाला काय विचारले असेल, हे त्यात फारसे येत नाही. जुन्या चर्चच्या कपाटांत बाप्तिस्म्याची आणि लग्नाची रजिस्टरे, मंडळीच्या वर्गणीच्या वह्या, कापणीच्या सणाला आलेल्या धान्याच्या नोंदी असतात. कुठे ट्रंकेत आजोबांची पत्रे असतात. अकोला, खामगाव, अचलपूर, अमरावती इथल्या मंडळ्यांनी ही कागदपत्रे वाळवीच्या तोंडून काढावीत, त्यांच्या प्रती करून ठेवाव्यात, आणि ऐंशी-नव्वदीतल्या माणसांकडून त्यांच्या घरच्या आठवणी मराठीत, शक्य तर वऱ्हाडीतच, लिहून घ्याव्यात. हे काम येत्या दहा वर्षांत झाले नाही तर पुढे आठवणी सांगणारे कोणी उरणार नाही.