घरी भरलेले काडतूस : वॉरंटी तर जातेच, परवानाही धोक्यात

कोल्हापूर - नेमबाजीच्या नकाशावर कोल्हापूरचे नाव आता जगाला ठाऊक झाले आहे. तेजस्विनी सावंत हिने २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळविले. राही सरनोबत हिने २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णवेध घेतला. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकाविले. दुसरीकडे राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड या डोंगरी पट्ट्यात गवे आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत, आणि जुन्या वाड्यांमधून वारसाहक्काने आलेल्या दुनळी बंदुकाही आहेत.

या तिघांना जोडणारा एक प्रश्न काडतुसाच्या खर्चाचा आहे. रिकामी पुंगळी पुन्हा भरून वापरली तर काय बिघडले, असा विचार त्यातून डोकावतो. अमेरिकेत हा उद्योग लाखो हौशी नेमबाज घरच्या घरी करतात आणि त्यासाठीची यंत्रे, पुस्तके तेथे उघडपणे विकली जातात. येथे मात्र या प्रश्नाला तीन बाजू आहेत. बंदुकीच्या कंपनीची हमी, भारतीय शस्त्र कायदा आणि बंदूक धरणाऱ्याचा हात व डोळा. तिन्ही बाजूंनी उत्तर जवळपास एकच निघते.

काडतूस म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची किंवा प्लॅस्टिकची पुंगळी, तिच्या बुडाशी असलेली टोपी, आतील दारू आणि पुढे गोळी किंवा छर्रे. चाप ओढताच टोपीवर आघात होतो, ठिणगी पडते, दारू पेटते आणि निर्माण झालेल्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर पडते. बार झाल्यावर टोपी, दारू आणि गोळी खर्ची पडते. पुंगळी मात्र शाबूत राहते. तिच्यात नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसविणे म्हणजेच काडतूस पुन्हा भरणे.

सर्वच काडतुसे अशी भरता येत नाहीत. ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल या प्रकारांत वापरले जाणारे पॉइंट टू टू काडतूस 'रिमफायर' जातीचे असते. त्याला स्वतंत्र टोपी नसते. स्फोटक मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि चापाच्या आघाताने ती कड चेपली जाते. त्यामुळे ती पुंगळी व्यवहारात पुन्हा वापरता येत नाही. एअर रायफल व एअर पिस्तुलात तर दारूच नसते. म्हणजे कोल्हापूरच्या ज्या नेमबाजांनी नाव कमावले, त्यांच्या खेळात हा प्रश्न उद्भवतच नाही. तो उद्भवतो बारा बोअरची बंदूक, पॉइंट थ्री टू रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल आणि मोठ्या बोअरच्या रायफली यांच्या बाबतीत.

दाबाचे गणित

बंदुकीची नळी किती दाब सोसेल, हे कारखाना आधीच ठरवितो. अमेरिकेत १९२६ मध्ये स्थापन झालेली 'सामी' ही उत्पादकांची संस्था प्रत्येक काडतुसासाठी कमाल दाब ठरवून देते. युरोपात हेच काम १९१४ पासून 'सीआयपी' ही आंतरराष्ट्रीय संस्था करते. सामीच्या मानकानुसार बारा बोअरच्या नेहमीच्या पावणेतीन इंची काडतुसाचा कमाल दाब चौरस इंचाला ११,५०० पौंड, पॉइंट थ्री एट स्पेशल रिव्हॉल्व्हरचा १७,००० पौंड, तर पॉइंट थ्री झिरो एट विंचेस्टर रायफलचा ६२,००० पौंड आहे. हे आकडे पाहिले म्हणजे एका शस्त्राचा मापदंड दुसऱ्याला का लागू होत नाही, ते ध्यानात येते.

कारखान्यात दारूचे वजन यंत्राने मोजले जाते आणि प्रत्येक खेपेतील नमुन्यांचा दाब तपासला जातो. घरी अशी सोय नसते. रिव्हॉल्व्हरच्या हलक्या भाराच्या काडतुसात दारू पुंगळीचा थोडाच भाग व्यापते. त्यामुळे चुकून दोनदा दारू पडली तरी ती आत सहज मावते आणि वरून काही कळत नाही. असे काडतूस उडाले की रिव्हॉल्व्हरचा गोल फाटू शकतो. उलट दारू पडलीच नाही, तर केवळ टोपीच्या जोराने गोळी नळीत मध्येच अडकते. हा 'फुसका बार' ओळखू आला नाही आणि मागोमाग दुसरी गोळी झाडली गेली, तर नळीला फुगवटा येतो किंवा ती फुटते.

वॉरंटी नेमकी कशाची?

बंदुकीची वॉरंटी ही सदोष पोलाद, सदोष जोडणी, सदोष चाप अशा उत्पादनातील दोषांसाठी असते. वापरातील चुकांसाठी ती नसते. जगातील प्रमुख बंदूक कंपन्या आपल्या माहितीपुस्तिकांत कारखान्यात तयार झालेली, प्रमाणित काडतुसेच वापरावीत, असे बजावतात. हाताने भरलेल्या किंवा पुन्हा भरलेल्या काडतुसांमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी त्या नाकारतात, आणि काही कंपन्या अशा वापराने वॉरंटीच संपुष्टात येते, असे स्पष्ट लिहितात. याचे कारण सरळ आहे. कंपनीने नळीची चाचणी ठराविक दाबासाठी घेतलेली असते. घरी भरलेल्या काडतुसाचा दाब किती, हे भरणाऱ्यालाही ठाऊक नसते.

अमेरिकेत या अटीला कायद्याची एक चौकट आहे. तेथील १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार ठराविक कंपनीचाच माल वापरला पाहिजे, अशी सक्ती करून वॉरंटी बांधून ठेवता येत नाही. तथापि, ग्राहकाच्या कृतीमुळेच झालेले नुकसान वगळण्याची मुभा कंपनीला राहते. म्हणजे घरचे काडतूस वापरले म्हणून पुढे बंदुकीच्या मुठीला तडा गेला, तर कंपनी हात झटकू शकत नाही. पण नळी फाटली तर झटकू शकते. अमेरिकेतील रुगर कंपनीने तर या कायद्याचा हवाला देत लेखी वॉरंटीपत्र देणेच बंद केले.

बंदूक दुरुस्तीला गेल्यावर कंपनीला हे कळते कसे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. पोलाद आणि पितळ दोन्ही साक्ष देतात. अडकलेल्या गोळीमागून दुसरी गोळी गेली असेल, तर नळीला वर्तुळाकार फुगवटा येतो. अतिदाबाने फाटलेल्या पोलादाची कड सदोष पोलादाच्या भेगेपेक्षा वेगळी दिसते. पुंगळीचे बूड फैलावलेले असते, टोपी चपटी झालेली असते. त्यामुळे तज्ज्ञापासून ही गोष्ट फार काळ लपत नाही.

भारतात ग्राहकाचा हक्क

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. उत्पादनात दोष असेल, तर कलम ८४ नुसार उत्पादक जबाबदार ठरतो. मात्र नुकसान घडले त्यावेळी वस्तूचा गैरवापर झाला असेल किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध दावा चालत नाही, असे कलम ८७ सांगते. दोष प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय ठरत नसेल, तर जिल्हा आयोग नमुना तपासणीला पाठवू शकतो. तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. या साऱ्या तरतुदींचा लाभ घ्यायचा, तर कारखान्याचे काडतूस वापरले होते, हे दाखविणारी पावती आणि त्याच खेपेतील उरलेली काडतुसे हाती असणे मोलाचे ठरते.

कायद्याचा खरा बडगा

वॉरंटी गेली तर पैसे जातात. कायदा मोडला तर त्याहून बरेच काही जाते. शस्त्र कायदा १९५९ मधील 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत तयार काडतुसांबरोबर त्याचे सुटे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. कलम ५ नुसार दारूगोळ्याचे उत्पादन करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनविण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना उत्पादनाची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी कडक झाली आहे. दारूसाठी १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम वेगळे लागू होतात. परदेशातून हौसेने आणलेले काडतूस भरण्याचे साधे हातयंत्रही त्यामुळे अडचणीत आणू शकते.

परवान्यावर काडतुसांची मर्यादा नमूद असते आणि खरेदीची नोंदही होते. घरी भरलेले काडतूस या नोंदीबाहेर राहते. हिशेब जुळत नाही. अटींचा भंग झाल्यास कलम १७ अन्वये परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो. कोल्हापूर जिल्ह्यात पोलिस आयुक्तालय नसल्याने हे अधिकार जिल्हा दंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे आहेत. शंका असेल तेथे त्यांच्या कार्यालयाकडून लेखी खुलासा घेणे, हाच सुरक्षित मार्ग होय.

इतर देशांतही ही मोकळीक सरसकट नाही. जर्मनीत काडतूस भरण्यासाठी अभ्यासक्रम आणि परीक्षा उत्तीर्ण होऊन स्फोटक कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याने टोप्यांची विक्री अधिकृत व्यक्तींपुरती मर्यादित केली आहे.

ठासणीची बंदूक : नियम वेगळा, धोका तोच

ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसतेच. तोंडाकडून काळी दारू ओतायची, गजाने ठासायची, छर्रे टाकायचे आणि टोपी बसवून बार काढायचा, हीच तिची रीत. त्यामुळे परवानाधारक ती स्वतःच भरतो. पीक संरक्षणाच्या खऱ्याखुऱ्या गरजेसाठी अशा बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्येच आहे. परंतु या बंदुकीत काळ्या दारूऐवजी काडतुसातून काढलेली धूरविरहित दारू भरण्याचा मोह जिवावर बेतू शकतो. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये विकसित झालेली ही दारू कितीतरी अधिक जोरकस असते. ठासणीची नळी त्या दाबासाठी घडविलेलीच नसते.

पीक राखण्याचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हेही विसरता कामा नये. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा देशभर लागू आहे. राधानगरी अभयारण्य १९५८ मध्ये राज्यातील पहिले अभयारण्य म्हणून घोषित झाले, ते गव्यांसाठीच.

वाड्यातील जुनी दुनळी

संस्थानी काळातील अनेक विलायती बंदुकांच्या नळ्या पोलाद आणि लोखंडाच्या पट्ट्या पिळून घडविलेल्या 'दमास्कस' जातीच्या आहेत. त्यांपैकी बहुतेकांची चाचणी केवळ काळ्या दारूसाठी झालेली असते. शिवाय जुन्या इंग्रजी बंदुकांचे घर अनेकदा अडीच इंची काडतुसाचे असते. त्यात पावणेतीन इंची काडतूस बसते. पण बार होताना त्याचे तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. अशा बंदुकीला वॉरंटी देणारा कोणी उरलेला नसतो. नळीवरील चाचणीची चिन्हे परवानाधारक शस्त्र दुरुस्तीकाराकडून वाचून घेतल्याखेरीज तिच्यात कारखान्याचे नवे काडतूसही घालू नये.

बारा बोअरची देशी काडतुसे पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्यात तयार होत आली आहेत. १८६९ मध्ये सुरू झालेला हा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. पुंगळीच्या बुडावरील 'केएफ' ही अक्षरे त्याचीच ओळख होय.

परवानाधारकांनी एवढे करावे

- बंदुकीची माहितीपुस्तिका आणि वॉरंटीपत्र खरेदीच्या दिवशीच वाचावे. काडतुसांविषयीची अट शोधावी.
- काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडूनच, पावती घेऊन आणि नोंद करून घ्यावीत.
- काडतुसाची लांबी व बोअर नळीवरील खुणांशी जुळवून पाहावी.
- बाराचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर दुसरी गोळी झाडू नये. थोडा वेळ नळी सुरक्षित दिशेला धरून ठेवावी, नंतर बंदूक रिकामी करून नळी मोकळी असल्याची खात्री करावी.
- नळी फुगली वा तडकली तर बंदूक, पुंगळी आणि उरलेली काडतुसे आहे त्या स्थितीत जपावीत. विनापरवाना कारागिराकडून दुरुस्ती करून घेऊ नये. ती बेकायदा तर आहेच, पण वॉरंटीचा दावाही तेथेच संपतो.

एका पुंगळीमागे वाचणारे पैसे आणि त्यासाठी पणाला लागणारा परवाना, बंदूक व हात यांचा ताळेबंद मांडला, तर तो कोणत्याही बाजूने जुळत नाही.