गेमवेड्यासाठी व्हीआर हेडसेट : भेट देण्यापूर्वी

नगरला आलेला पाहुणा भुईकोट किल्ला आणि चांदबिबीचा महाल पाहून झाला, की बहुधा रणगाडा संग्रहालयाकडे वळतो. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात पहिल्या महायुद्धाच्या काळातील चिलखती मोटारींपासून सेंच्युरियन आणि विजयंतापर्यंतची वाहने ओळीने मांडलेली आहेत. शाळकरी मुले त्यांच्याभोवती फेऱ्या मारतात, तोफेच्या नळीखाली उभे राहून छायाचित्रे काढतात. मात्र त्यांच्या मनातला खरा प्रश्न असतो, तो आत बसून हा रणगाडा चालविताना समोर नेमके काय दिसत असेल, हा. जगभरच्या सैन्यांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच सिम्युलेटरच्या रूपाने शोधले. तेच उत्तर आता घरगुती रूपात, डोळ्यांवर बांधायच्या एका यंत्रातून, बाजारात मिळते. अहिल्यानगरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही दिवाळी-पाडव्याच्या सुमारास ‘मुलाला गेमसाठी व्हीआर घ्यायचा आहे, कोणता घ्यावा?’ अशी विचारणा आता होऊ लागली आहे. वस्तू महाग आहे आणि निवड चुकली तर ती महिन्याभरात माळ्यावर जाऊन पडते. त्यामुळे या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करणे आवश्यक ठरते.

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटी, अर्थात आभासी वास्तव. या यंत्रात दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखविली जातात, त्यामुळे मेंदूला खोलीचा भास होतो. मान वळविली की संवेदकांमार्फत ते यंत्राला कळते आणि चित्रही तितकेच वळते. कल्पना नवी नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्येच असे डोक्यावरचे यंत्र तयार केले होते. निन्टेन्डोने १९९५ मध्ये व्हर्च्युअल बॉय नावाचा खेळ बाजारात आणला. लाल-काळ्या चित्रांचा तो प्रयोग वर्षभरातच गुंडाळावा लागला. आजच्या लाटेची सुरुवात २०१२ मध्ये ऑक्युलस रिफ्टसाठी लोकांकडून जमविलेल्या निधीने झाली आणि २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनीच दोन अब्ज डॉलरला विकत घेतली.

भेट देणाऱ्याने पहिला प्रश्न दुकानदाराला विचारू नये, तो घरात विचारावा : ज्याला भेट द्यायची, त्याच्याकडे आज काय आहे? मोबाइल, प्लेस्टेशन, की चांगला संगणक? सारी निवड या एका उत्तरावर अवलंबून असते.

सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे मोबाइल आत बसवायचा डबा. २०१४ मध्ये गूगलने पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड आणून हा प्रकार घरोघरी पोहोचविला. आपल्याकडे २०२३ मध्ये आयपीएलच्या हंगामात जिओने १,२९९ रुपयांना जिओडाइव्ह आणला, तोही याच जातीचा. सामना पाहण्यासाठी, पाण्याखालची वा अवकाशातील चित्रफीत पाहण्यासाठी तो ठीक आहे. गेमरच्या दृष्टीने मात्र त्याचा उपयोग अगदी मर्यादित. मान वळविलेली त्याला कळते, पण आपण एक पाऊल पुढे टाकले वा खाली वाकलो, हे कळत नाही. हातांचे अस्तित्व तर त्याला ठाऊकच नसते. शिवाय गूगल आणि सॅमसंग या दोन्ही कंपन्यांनी मोबाइलवरच्या व्हीआरमधून केव्हाच अंग काढून घेतले आहे. दीड हजार रुपयांत गेमरला खूश करण्याचा मोह होतो खरा, परंतु त्याच पैशांत त्याच्या आवडीचा एखादा गेम घेऊन दिलेला बरा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

घरात प्लेस्टेशन ५ असेल, तर सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर २ हा सरळ पर्याय. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या या हेडसेटचा ओएलईडी पडदा प्रत्येक डोळ्याला २००० गुणिले २०४० बिंदूंचे चित्र देतो आणि त्यातला काळोख खरोखर काळा दिसतो. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ सारखा मोटारशर्यतीचा गेम त्यावर खेळल्यानंतर साध्या टीव्हीवर परतणे अनेकांना जड जाते. एक वायर मात्र सतत मागे लोंबत असते. तसेच पहिल्या प्लेस्टेशन व्हीआरचे गेम यावर जसेच्या तसे चालत नाहीत, हे जुन्या तबकड्या जपून ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. ऑगस्ट २०२४ पासून सोनीने संगणकाला जोडण्यासाठी वेगळे अॅडॅप्टरही आणले. परंतु संगणकावर वापरताना नजरेचा मागोवा, एचडीआर, हेडसेटमधील कंप या खास सुविधा मिळत नाहीत.

घरात ना प्लेस्टेशन, ना गेमिंगचा संगणक, अशी स्थिती असेल तर स्वयंपूर्ण हेडसेट घ्यावा. संगणक, बॅटरी, कॅमेरे सारे त्यातच असते. या प्रकारात मेटाच्या क्वेस्ट मालिकेचा दबदबा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये क्वेस्ट ३ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची स्वस्त आवृत्ती क्वेस्ट ३ एस बाजारात आली. दोहोंतील प्रोसेसर एकच, वजनही साधारण सारखेच, म्हणजे अर्धा किलोच्या किंचित वर. फरक आहे तो भिंगांत आणि पडद्यात. क्वेस्ट ३ मध्ये पातळ ‘पॅनकेक’ भिंगे असून चित्र कडेपर्यंत सुस्पष्ट राहते. ३ एस मध्ये जुन्या पद्धतीची फ्रेनेल भिंगे आहेत, त्यात मध्यभाग स्वच्छ आणि कडा किंचित पुसट दिसतात. बाजारात येताना त्यांची अमेरिकेतील किंमत अनुक्रमे ४९९ आणि २९९ डॉलरपासून सुरू होत होती. आपल्या हाती पडेपर्यंत सीमाशुल्क, वाहतूक आणि विक्रेत्याचा नफा मिळून तो आकडा बराच फुगतो. तरीही पहिल्यांदाच व्हीआर घेणाऱ्या विद्यार्थ्याला ३ एस पुरेसा आहे. एकदा भरलेली बॅटरी दोन-अडीच तास पुरते. वीज गेली तरी हातातला गेम थांबत नाही, हा आपल्याकडचा एक आगळा फायदा. वाय-फायचा राउटर बंद पडल्याने ऑनलाइन सामना मात्र तुटतो.

तिसरी वाट संगणकाची. ‘हाफ-लाइफ : अॅलिक्स’ हा मार्च २०२० मधला गेम आजही व्हीआरचा मानदंड मानला जातो आणि तो संगणकाखेरीज चालत नाही. त्यासाठी किमान जीटीएक्स १०६० दर्जाचे, ६ जीबी स्मृतीचे ग्राफिक्स कार्ड आणि १२ जीबी रॅम लागते. कार्यालयीन कामाचा लॅपटॉप, तो कितीही नवा असला तरी, येथे हात टेकतो. क्वेस्टचे हेडसेटही तारेने अथवा चांगल्या ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवरून अशा संगणकाला जोडता येतात. म्हणूनच दोन्ही डगरींवर हात ठेवू इच्छिणाऱ्यांना तोच पर्याय सोयीचा वाटतो. वाल्व्हने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टीम फ्रेम या नव्या हेडसेटची घोषणा केली. संगणकावरचा मोठा गेमसंग्रह ज्याच्याकडे आहे, त्याने खरेदीपूर्वी त्याचाही विचार करावा.

जुन्या वस्तूंच्या खरेदीबाबत एक इशारा येथेच दिला पाहिजे. एसर, डेल, एचपी, लेनोवो आदी कंपन्यांचे ‘विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी’ गटातील हेडसेट जुन्या बाजारात मोहक किमतीला दिसतात. मायक्रोसॉफ्टने २०२४ मधील विंडोज ११ च्या २४ एच २ आवृत्तीतून त्यांचा आधारच काढून टाकला. यंत्र धडधाकट, पण नव्या विंडोजला ते ओळखू येत नाही! मोबाइलमध्ये आपण हे अनुभवलेच आहे. येथे किंमत अधिक असल्याने दुःखही अधिक.

यंत्र ठरले, आता माणसाकडे वळू. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतर प्रौढांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते, पण प्रत्येकाचे वेगळे. क्वेस्ट ३ वर चाक फिरवून ते हवे तसे जुळविता येते. ३ एस मध्ये ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागा आहेत. अंतर जुळले नाही तर चित्र धूसर दिसते, डोके दुखते आणि दोष यंत्राच्या माथी मारला जातो. चष्म्याच्या दुकानात हे अंतर दोन मिनिटांत मोजून मिळते. चष्मा असलेल्यांच्या कागदावर ते अनेकदा लिहिलेलेच असते. भेट गुप्त ठेवायची असली तरी तेवढा कागद पाहून ठेवण्यास हरकत नसावी. चष्मा रुंद चौकटीचा असेल तर तो आत नीट मावतो का, हेही पाहावे. काचेला काच घासून हेडसेटच्या भिंगावर ओरखडा उमटला, तर तो कायमचा.

दुसरी अडचण मळमळीची. डोळे सांगतात की आपण धावत आहोत आणि कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते की आपण उभेच आहोत. या विसंवादातून घाटात बस लागते तसे होते. प्रस्तुत लेखकाने पहिल्याच दिवशी शर्यतीच्या गेमला हात घातला आणि दहाव्या मिनिटाला खुर्ची गाठली, ती अर्धा तास सोडली नाही. सुरुवात ‘बीट सेबर’ सारख्या, एका जागी उभे राहून खेळण्याच्या गेमने करावी. पहिल्या आठवड्यात एका वेळी पंधरा-वीस मिनिटे पुरेत. अस्वस्थ वाटू लागताच थांबावे. ‘सवय होईल’ म्हणून रेटू नये. क्रिकेटवेड्यांसाठी हैदराबादच्या प्रोयुगा कंपनीचा ‘आयबी क्रिकेट’ आहे. त्यातही फलंदाज एका जागी उभा असतो, त्यामुळे नवख्याला तो मानवतो.

वयाचा मुद्दा आजी-आजोबांनी विशेष ध्यानात घ्यावा, कारण नातवंडांच्या हट्टापुढे तेच आधी विरघळतात. मेटाने २०२३ पासून पालकांच्या नियंत्रणाखालील खात्यावर १० वर्षांपुढील मुलांना परवानगी दिली. त्याखालील मुलांना नाही. सोनीची मर्यादा १२ वर्षांची आहे. घरात कुणाला अपस्माराचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज ही खरेदी करूच नये.

आणि जागा? मोकळेपणाने फिरून खेळण्यासाठी दोन मीटर लांब व तितकीच रुंद मोकळी जागा हवी. सावेडीतील फ्लॅटच्या दिवाणखान्यात मधले टेबल हलविले तर ती निघते; जुन्या नगरातील वाड्यात खोली मोठी असली तरी मधला खांब वैरी ठरतो. आपल्याकडे सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे छताचा पंखा. डोळे झाकलेला उंच मुलगा हातात कंट्रोलर घेऊन ‘षटकार’ ठोकतो, तेव्हा फिरत्या पात्याला तो मुळीच दिसत नसतो. छत बुटके असेल तर खेळताना पंखा बंद ठेवून टेबलफॅन लावावा. त्याचा आणखी एक फायदा असा, की वाऱ्याच्या झुळकेवरून आपले तोंड कोणत्या दिशेला आहे ते कळत राहते आणि मळमळही कमी होते. कंट्रोलरचा पट्टा मनगटात अडकविण्याचा आळस टीव्हीच्या मुळावर येतो. गच्चीवर किंवा जिन्यालगत हा खेळ नकोच.

गच्ची टाळण्याचे दुसरे कारण ऊन. हेडसेटच्या भिंगांवर सूर्यप्रकाश थेट पडला, तर ती भिंगे तो एकवटून आतल्या पडद्यावर टाकतात आणि पडदा कायमचा जळतो. लहानपणी बहिर्गोल भिंगाने कागद जाळला, तोच हा प्रयोग. नगरच्या उन्हाळ्यात खिडकीपाशी विसरलेला हेडसेट थोड्या वेळातही निकामी होऊ शकतो. खेळ संपला की तो डब्यात, निदान कापडाखाली गेला पाहिजे. घाम टिपण्यासाठी सिलिकॉनचे आवरण घ्यावे. भिंगे चष्म्याच्या कोरड्या मऊ कापडानेच पुसावीत, स्पिरिट लावू नये.

खरेदी कोठे करावी? ऑनलाइन दिसणारे अनेक हेडसेट आयात केलेले असतात आणि त्यांची हमी कंपनीची नसून विक्रेत्याची असते. हमी कोण देणार, बिघडल्यास कोठे पाठवायचे आणि जीएसटीचे पक्के बिल मिळणार का, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारावेत. शक्य असेल तर पुण्यातील एखाद्या व्हीआर केंद्रात गेमरला तासभर खेळवून आणावे. सव्वाशे किलोमीटरवरच्या फेरीचा खर्च वाया जात नाही. ज्याला तिथे गरगरले, त्याला घरीही गरगरणार.

अमेरिकेतील भाऊ किंवा भाची पाठविते म्हणाली, तरी नियम पाहावा. डिसेंबर २०१९ पासून टपाल वा कुरिअरने ‘भेटवस्तू’ म्हणून सवलतीत माल सोडवून घेण्याची सोय राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता बंद झाली आहे. पूर्ण सीमाशुल्क भरूनच पार्सल सुटते. कुणी येताना सोबत आणणार असेल तर प्रवासी सामानाची त्या वेळची मर्यादा त्याने आधी तपासावी.

यानंतरचा खर्च गेमचा. ते विकत घेताना परदेशी व्यवहार होतो आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नव्या कार्डावर ही सोय मुळात बंदच असते. बँकेच्या अॅपमधून ती चालू करून मर्यादा लहान ठेवावी. कार्डाचा क्रमांक मुलाच्या खात्यात साठवून ठेवू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

एक शेवटची सूचना. नवे यंत्र उघडताच खेळता येत नाही. बॅटरी भरणे, मोबाइलवर खाते उघडणे, वाय-फाय जोडणे, सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती उतरविणे आणि एखादा मोठा गेम डाउनलोड करणे यात सहज दोन-तीन तास जातात. पाडव्याला भेट द्यायची असेल तर आदल्या रात्री खोके हलकेच उघडून हे सारे उरकून घ्यावे आणि पुन्हा कागदात गुंडाळून ठेवावे.