दहापैकी किती? रॉक, फंक आणि गुणांची मोजपट्टी

रॉक आणि फंकवर बोलणाऱ्या माणसाला एक प्रश्न काही चुकत नाही: अमुक अल्बमला दहापैकी किती? मीही गुण देतो. आवडीने देतो, आणि त्यावरून मित्रांशी भांडतोही. पण ही गुण द्यायची पद्धत कुठून आली, आणि तिने कुणाला वर चढवलं, कुणाला खाली ठेवलं, हे आज पाहू. माझं मत आधीच सांगून टाकतो. ही मोजपट्टी रॉकच्या मापाने कापलेली आहे. तिच्यावर फंक मोजलं की ते कमी भरतं, आणि दोष फंकच्या माथी येतो.

सुरुवात अगदी व्यवहारी होती. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘रोलिंग स्टोन’ निघालं आणि रॉकच्या तबकड्यांवर गंभीरपणे लिहायची रीत रुळू लागली. १९६९ मध्ये न्यू यॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये रॉबर्ट ख्रिस्टगाऊने ‘कन्झ्युमर गाइड’ नावाचं सदर सुरू केलं. चार-पाच ओळींचं परीक्षण आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी श्रेणी: ए प्लस, बी, सी, थेट ईपर्यंत. नाव बघा, ‘ग्राहक मार्गदर्शक’. खिशात एकाच तबकडीचे पैसे असलेल्या पोराने कोणती घ्यावी, एवढाच प्रश्न. याला मी नावं ठेवणार नाही. प्रामाणिक काम होतं ते. तारे देण्याची पद्धत जॅझच्या ‘डाउनबीट’मध्ये आधीपासून होती. १९७९ साली ‘रोलिंग स्टोन’ने तबकड्यांचं एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक काढलं, त्यात एक ते पाच तारे होते आणि अगदीच टाकाऊ मालासाठी तारा नाही, नुसता काळा चौकोन.

आता हे परीक्षक चुकायचे का? भरपूर. ‘सार्जंट पेपर’ आला तेव्हा ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये रिचर्ड गोल्डस्टीनने त्याला झोडपलं. आपल्या स्टिरिओचा एक स्पीकर तेव्हा बिघडलेला होता, असं त्यानेच पुढे सांगितलं. लेड झेपेलिनच्या पहिल्याच अल्बमला १९६९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने नाक मुरडलं, आणि त्याच मासिकाने २००३ मध्ये तो सर्वकालीन यादीत २९व्या क्रमांकावर बसवला. असल्या चुका मला चुका वाटतच नाहीत. तबकडी हातात आल्यावर आठवड्याभरात लिहायचं, तर असं होणारच. चूक सुधारायला त्यांना पुढची तीस वर्षं मिळाली आणि ती त्यांनी सुधारली.

खरी भानगड वेगळी आहे. गुण कशाला द्यायचे? अल्बमला. आणि अल्बम म्हणजे काय, हे ठरलं ‘सार्जंट पेपर’च्या सुमारास. गाण्यांमध्ये नेहमीसारखी मोकळी जागा नाही, कव्हरच्या मागे गाण्यांचे शब्द छापलेले, दोन बाजू मिळून चाळीस मिनिटांची एकसंध वस्तू. खुर्चीत बसायचं, कव्हर मांडीवर घ्यायचं आणि पुस्तक वाचावं तसं ऐकायचं. परीक्षकही असाच बसून ऐकणार आणि बसूनच लिहिणार. यात नाचणाऱ्या माणसाला जागा कुठे आहे?

त्याच १९६७च्या उन्हाळ्यात जेम्स ब्राउनचं ‘कोल्ड स्वेट’ बाजारात आलं. छोटी तबकडी, एकच गाणं, सात मिनिटांहून मोठं म्हणून दोन बाजूंना तोडून बसवलेलं. सुरावट जवळजवळ जागची हलत नाही. ट्रम्पेट-सॅक्सोफोन तालवाद्यांसारखे ठोके देतात, गिटार खरडते आणि सगळं वजन पहिल्या मात्रेवर येऊन आदळतं. ब्राउन तिला नुसतं ‘द वन’ म्हणायचा. आपल्याला हे परक्याला समजवावं तसं समजावून सांगायला नको. ती सम आहे. आवर्तनात काय हवी ती मस्ती करा, समेवर मात्र सगळे एकत्र या. फरक एवढाच की आपल्याकडे सम अनेकदा उशिरा, खेळवत येते आणि मान डोलते. ब्राउनकडे ती दर दोन सेकंदांनी येते आणि कंबर हलते. ब्राउनच्या वाद्यवृंदात चुकलेल्या स्वराला दंड भरावा लागायचा, इतकी ती शिस्त. कोवळा बूट्सी कॉलिन्स १९७० मध्ये त्या वाद्यवृंदात बास वाजवायला आला, तो हा धडा घेऊन पुढे जॉर्ज क्लिंटनकडे गेला, आणि सत्तरच्या दशकातलं फंक या पहिल्या मात्रेवर उभं राहिलं.

‘कोल्ड स्वेट’वर ड्रम वाजवणारा माणूस होता क्लाइड स्टबलफील्ड. त्याचीच दुसरी गोष्ट या सगळ्या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९६९ मध्ये त्याने ‘फंकी ड्रमर’ वाजवलं. १९७० मध्ये ते पुन्हा छोट्या तबकडीवर, दोन भागांत निघालं. मध्येच बाकीचे थांबतात आणि स्टबलफील्ड एकटा काही सेकंद ठेका धरतो. ना फटकेबाजी, ना प्रदर्शन. डाव्या हाताचे पुसट ठोके मुख्य ठोक्यांच्या फटीत असे भरलेले की ठेका श्वास घेतोय असं वाटावं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हिप-हॉपवाल्यांनी हे काही सेकंद उचलले. पब्लिक एनिमीपासून किती जणांनी, याचा हिशेब हजारापलीकडे जातो. आधुनिक संगीतातला सर्वाधिक वापरलेल्या तुकड्यांपैकी एक म्हणजे हा.

मग याला गुण किती? शून्य. कारण गाणं निघालं तेव्हा ते कुठल्याच अल्बमवर नव्हतं. अल्बमवर ते पहिल्यांदा आलं १९८६ मध्ये, एका संकलनात. सोळा वर्षं तारे द्यायला जागाच नव्हती. आणि स्टबलफील्डला पैसे? गाण्याच्या श्रेयात ड्रमरचं नाव नाही, म्हणून त्या हजारो वापरांची रॉयल्टी नाही. तो २०१७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला गेला. मधल्या काळात कर्करोग झाला तेव्हा त्याच्या इस्पितळाच्या बिलांचा मोठा भार प्रिन्सने गाजावाजा न करता उचलला होता. तार्‍यांची चूक नाही ही, करारांची आहे, मान्य. पण ज्याचं नाव यादीत येत नाही त्याच्या बाजूने बोलायलाही कुणी उभं राहत नाही.

अल्बमच्या चौकटीत ब्राउन एकदाच नीट मावला, आणि तोही हट्टाने. १९६२ साली न्यू यॉर्कच्या अपोलो थिएटरमधला कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचा होता. किंग रेकॉर्ड्सच्या मालकाला त्यात धंदा दिसेना. लोकांनी ऐकलेलीच गाणी पुन्हा कोण विकत घेणार? ब्राउनने स्वतःच्या खिशातून खर्च केला. ‘लाइव्ह अ‍ॅट द अपोलो’ बिलबोर्डच्या यादीत ६६ आठवडे राहिला. तो चांगला का आहे? कारण त्यात बायकांच्या किंकाळ्या आहेत. श्रोतेच वाद्यवृंदाचा भाग झालेत. बसून ऐकणाऱ्याला उभ्या माणसांची गर्दी ऐकू येते.

आता याद्या. २००३ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने पाचशे थोर अल्बम निवडले. पहिला ‘सार्जंट पेपर’. पहिल्या दहांत बीटल्सचे चार, डिलनचे दोन आणि कृष्णवर्णीय कलाकार एकच: सहाव्या क्रमांकावर मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’. २०२० मध्ये तीनशेहून अधिक नवे-जुने मतदार घेऊन यादी पुन्हा केली. ‘सार्जंट पेपर’ चोविसावर घसरला, ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला आला, शिवाय स्टीव्ही वंडर, प्रिन्स, लॉरिन हिल पहिल्या दहांत. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. वर्णाचा अन्याय थोडा तरी धुऊन निघाला.

पण जरा खाली उतरून बघा. जॉर्ज क्लिंटनच्या फंकाडेलिकचा ‘मॅगट ब्रेन’ (१९७१) ४८६वरून १३६वर उसळला. त्याच फंकाडेलिकचा ‘वन नेशन अंडर अ ग्रूव्ह’ (१९७८) मात्र १७७वरून ३६०वर कोसळला. तोच नेता, तेच नाव, आणि एक वर, एक खाली. का? ‘मॅगट ब्रेन’ची सुरुवात म्हणजे एडी हेझलची दहा मिनिटांची एकट्याची गिटार. आई गेल्याची बातमी आत्ताच कळलीय असं समजून वाजव, असं क्लिंटनने त्याला सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. गिटार ऐकून क्लिंटनने बाकीची वाद्यं मिश्रणात जवळपास पुसून टाकली. म्हणजे यात ठेकाच उरला नाही! विलक्षण वादन आहे, पण हे फंक रॉकच्या कानाला सहज पचतं. ‘वन नेशन’ हा मात्र नखशिखान्त नाच. तो घसरला. ब्राउनचा ‘अपोलो’सुद्धा २४वरून ६५वर गेला. स्लाय स्टोनचं तेच: आतल्या आत कुढणारा ‘देअर्स अ रायट गोइन ऑन’ ९९वरून ८२वर चढला, आणि उघडा-वाघडा, हसरा ‘स्टँड!’ ११८वरून ११९वर, म्हणजे जागच्या जागी. मतदार बदलले, पण ऐकायची खुर्ची बदलली नाही.

‘रायट’ मला कमी आवडतो असं समजू नका. स्लायने टेपवर इतक्या वेळा पुसून पुन्हा भरलं की आवाज मळून गेला, जिवंत ड्रमर सोडून यंत्राचा ठेका वापरला, आणि शीर्षकगीताची लांबी कव्हरवर शून्य मिनिटं शून्य सेकंद छापली. १९७१चा थकवा असा दुसऱ्या कुणी पकडला नाही. मी त्याला साडेनऊ देतो. पण बसून.

रॉकवाल्यांना फंक कळत नव्हतं असंही नाही. लेड झेपेलिनच्या ‘हाउसेस ऑफ द होली’वर (१९७३) ‘द क्रंज’ नावाचं गाणं आहे, ते ब्राउनची सरळ नक्कल आहे. ब्राउनसारखा प्लँट वाद्यवृंदाला हाका मारतो. गंमत ही की ठेका नऊ मात्रांच्या आडव्या हिशेबात ठेवलाय, म्हणजे नाचायला गेलात तर पाय अडकेल. परीक्षकांना ही थट्टा पटली नाही. मला पटते. फंक वाजवता येतं, पण सम लपवली की काय होतं, हे त्यांनी सव्वातीन मिनिटांत दाखवून दिलं.

आपल्याला खरं तर हे सगळं ओळखीचं वाटायला हवं. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटं मावायची. त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी राग बसवला. ती तबकडी ऐकून आपण गहिवरतो, पण रात्रभराच्या मैफलीला तीन मिनिटांवरून गुण देत नाही. आणि लावणीचे गुण कुणी नुसते शब्द वाचून देईल का? ढोलकी नको, घुंगरू नको, शिट्टी नको?

म्हणून मी अलीकडे दोन रकाने ठेवतो: बसून आणि उभं राहून. ‘सार्जंट पेपर’: बसून नऊ, उभं राहून पाच. झेपेलिनचा पहिला: आठ आणि सात. ‘स्टँड!’: बसून साडेसात, कारण त्यातलं ‘सेक्स मशीन’ तेरा मिनिटांहून जास्त लांबलंय आणि खुर्चीत कंटाळा येतो. उभं राहून नऊ. ‘मॅगट ब्रेन’: नऊ आणि सहा. ‘वन नेशन अंडर अ ग्रूव्ह’: बसून साडेसहा, उभं राहून साडेनऊ. ‘फंकी ड्रमर’ अल्बम नाही, छोटी तबकडी आहे, तरी लिहिलंय: उभं राहून दहा. बसून किती, ते अजून मला मोजता आलेलं नाही, कारण ते लागलं की मी बसून राहत नाही.