नगर हरवलेली वृत्तपत्रे : बर्लिन-पॅरिसमधील रशियन दैनिके आणि समीक्षा

महानगरातील वृत्तपत्र आणि त्याचे नगर यांचे नाते सहसा गृहीत धरले जाते. रशियात या नात्याला कायद्याचाही आधार होता. १८६५ च्या मुद्रणविषयक नियमांनी पीटर्सबर्ग व मॉस्को येथील नियतकालिकांना सेन्सॉरच्या पूर्वतपासणीतून सुटण्याची मुभा दिली. प्रांतिक पत्रांवर ती तपासणी कायम राहिली. राजधानीचे दैनिक हेच सार्वजनिक चर्चेचे प्रमुख पीठ ठरले, याचे एक कारण येथे सापडते.

१९१७ च्या बोल्शेव्हिक हुकुमनाम्यानंतर विरोधी वृत्तपत्रे क्रमाने बंद पडली आणि देशांतर केलेल्या संपादकांनी परक्या महानगरांत नवी दैनिके काढली. बर्लिनमध्ये ‘रूल’ (१९२०–१९३१) निघाले. पॅरिसमध्ये ‘पोस्लेद्निये नोवोस्ती’ (१९२०–१९४०) आणि १९२५ पासून ‘वोज़्रोझ्देनिये’ निघाले. ज्या शहरात ही पत्रे छापली जात, त्या शहराशी त्यांच्या वाचकांचे नाते पाहुण्याचे होते. त्यांना एकत्र ठेवणारी गोष्ट रस्ता नव्हे, भाषा होती. त्यामुळे अन्यत्र पुरवणीचे असणारे वाङ्मयीन पान येथे वृत्तपत्राच्या अस्तित्वाच्या कारणांपैकी एक बनले.

व्लादिमीर नाबोकोव यांचे उदाहरण बोलके आहे. ‘रूल’च्या संस्थापकांपैकी एक असलेल्या वडिलांचे नावही व्लादिमीर असल्याने मुलाने ‘सीरिन’ हे टोपणनाव घेतले, आणि त्याच्या आरंभीच्या कविता-कथा याच दैनिकात आल्या. १९२२ च्या मार्चमध्ये बर्लिनमधील एका सभेत ‘पोस्लेद्निये नोवोस्ती’चे संपादक मिल्युकोव यांच्यावर हल्ला झाला, हल्लेखोराला अडवताना वडील नाबोकोव मारले गेले.

पॅरिसमध्ये या पानाला समीक्षात्मक वादाचे रूप आले. ‘वोज़्रोझ्देनिये’त १९२७ पासून खोदासेविच यांनी रचनेची शिस्त आणि पुश्किनची परंपरा यांचा आग्रह धरला, ‘पोस्लेद्निये नोवोस्ती’त आदामोविच यांनी अनलंकृत, वेदनेशी प्रामाणिक अशा आत्मनिवेदनाला महत्त्व दिले. हा केवळ अभिरुचीचा भेद नव्हता. देश गमावलेल्या भाषेने परंपरा जपून तगायचे की तिची सावली सोडून, हा प्रश्न त्यामागे होता.

या वादातील लक्षणीय युक्तिवाद प्रबंधातून नव्हे, बनावातून मांडले गेले. १९३६ मध्ये खोदासेविच यांनी त्राव्निकोव नावाच्या एका काल्पनिक जुन्या कवीचे चरित्र सादर केले आणि आदामोविच यांनी त्या कवीचे कौतुक केले. १९३९ मध्ये खोदासेविच यांच्या निधनानंतर नाबोकोव यांनी ‘वासिली शिश्कोव’ या नावाने एक कविता छापली. सीरिनच्या लेखनाबद्दल सातत्याने साशंक राहिलेल्या आदामोविच यांनी या अज्ञात कवीचे स्वागत केले. त्यानंतर शिश्कोववरची नाबोकोव यांची कथा त्याच ‘पोस्लेद्निये नोवोस्ती’त प्रसिद्ध झाली. नाव पुसल्यावर समीक्षक नेमके काय वाचतो, हा सैद्धांतिक प्रश्न येथे दैनिकाच्या रकान्यात प्रत्यक्ष तपासला गेला. समीक्षक, कवी आणि वाचक रोज एकाच पानावर भेटत होते, म्हणूनच ही तपासणी शक्य झाली.

१९४० च्या जूनमध्ये जर्मन सैन्य पॅरिसच्या वेशीवर येताच पॅरिसमधील ही पत्रे थांबली. त्यांतील बरेच लेखन पुढे ग्रंथरूपात आले, मात्र शेजारच्या रकान्यातील प्रतिवादापासून तुटून. ग्रंथांवरून लिहिलेल्या वाङ्मयेतिहासात भूमिका उरतात, त्यांच्यातील संवाद उरत नाही. निर्वासित साहित्याच्या अभ्यासकाला म्हणूनच ग्रंथालयातून पुन्हा वृत्तपत्राच्या त्या नाशवंत पानाकडे वळावे लागते.