झाशीचा वेढा आणि तटावरच्या बाया

लाखांदुरात धानाची रोवणी करता करता आम्ही झाशीच्या राणीची गोष्ट काढतो. राणीचं नाव लेकरांनाही पाठ आहे. पण त्या वेढ्यात ती एकटीच लढली का?

मार्च १८५८. इंग्रज सेनापती ह्यू रोजने झाशीला वेढा घातला. तटावर बायाही राबत होत्या, तोफांना दारूगोळा पोचवत होत्या. हे वेढा घालणाऱ्या इंग्रजांनीच लिहून ठेवलं आहे. एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं, जूनमध्ये ग्वाल्हेरला राणी लढता लढता गेली. त्या बायांची नावं मात्र बहुतेक हरवली.

तरी तो वेढा वाया गेला नाही. १९४३ साली सिंगापुरात सुभाषबाबूंनी आझाद हिंद सेनेत बायांची पलटण उभारली, तिला नाव दिलं झाशीच्या राणीचं. प्रमुख होत्या कॅप्टन लक्ष्मी स्वामीनाथन. मलायातल्या रबराच्या मळ्यांत राबणाऱ्या मजुरांच्या लेकीही तिच्यात आल्या. कितीजणींनी भारत डोळ्यांनी पाहिलाही नव्हता!

राणीचं नाव राहिलं, म्हणून पंच्याऐंशी वर्षांनी ते कामी आलं. मग आपल्या गावासाठी झटलेल्या आज्यांची नावं आपण का हरवू द्यायची? या महिन्यात गटाच्या वहीत, हिशेबाच्या शेजारी, तीही लिहू या.