तळटिपेंतील ‘कित्ता’

एखादा विद्वत्तापूर्ण ग्रंथ चाळतांना पानाच्या पायथ्याशीं बारीक अक्षरांत ‘कित्ता, पृ. ४२’ अशी टीप आपण पुष्कळदां पाहिली असेल. वरच्या टिपेंत जो ग्रंथ सांगितला तोच येथेंही समजावा, एवढाच त्याचा अर्थ. पण लेखकानें हस्तलिखितांतील एक परिच्छेद उचलून दुसरीकडे नेला, कीं हा इवलासा शब्द भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवूं लागतो. एकाचें श्रेय दुसऱ्याच्या पदरांत पडतें आणि लेखकाला त्याचा पत्ताही नसतो. हा दोष टाळण्यासाठीं संगणकाच्या जगांत जे प्रयत्न झाले, त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

१९७८ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत माइक लेस्क यांनीं ‘रेफर’ नांवाची योजना सिद्ध केली. लेखकानें मजकुरांत ग्रंथाची ओळख पटेल असे दोनचार शब्द लिहावे. ग्रंथसूचींतून नेमकी नोंद शोधून ती छापण्याचें काम यंत्राचें. पुढें १९८५ सालीं ओरेन पटाश्निक यांनीं लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या ‘लाटेक’ या मुद्रणप्रणालीसाठीं ‘बिबटेक’ रचलें. त्यांत प्रत्येक ग्रंथाला एक छोटी खूण दिलेली असते. ग्रंथाचा तपशील एका ठिकाणीं, तो छापण्याची रीत दुसऱ्या ठिकाणीं, आणि हस्तलिखितांत केवळ ती खूण. गणितज्ञांना ही व्यवस्था मानवली. परंतु तिरप्या रेघा आणि महिरपी कंस यांनीं भरलेलें तें हस्तलिखित इतरांना वाचतांना ठेंच लागल्यासारखें होई.

२००४ सालीं जॉन ग्रूबर यांनीं ‘मार्कडाउन’ प्रसिद्ध केलें. शब्दावर जोर द्यावयाचा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंस तारका काढावी, इतकें तें सोपें. मजकूर साध्या पत्रासारखा वाचतां येई. मात्र त्यांत तळटिपेला जागा नव्हती, संदर्भनिर्देशाला तर नव्हतीच.

ही उणीव एका तत्त्वज्ञाच्या साधनांतून भरून निघाली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनीं २००६ सालीं ‘पॅनडॉक’ हें रूपांतराचें साधन निर्माण केलें, आणि २००८ सालीं आंद्रेआ रोसाटो यांनीं त्याला संदर्भांची जोड दिली. त्यासाठीं भूगोलाचे अभ्यासक ब्रूस डार्कस यांनीं निर्मिलेली, संदर्भांच्या रीती यंत्राला समजेल अशा शब्दांत सांगणारी भाषा उपयोगीं पडली. त्या भाषेंत आज दहा हजारांहून अधिक रीती लिहिलेल्या आहेत.

आतां लेखक चौकटी कंसांत ‘ॲट’चें चिन्ह, ग्रंथाची खूण आणि पृष्ठांक लिहितो. एका नियतकालिकाला कंसांत वर्ष हवें असतें, दुसऱ्याला तळटीप. हस्तलिखितांतील एक अक्षरही न बदलतां दोन्ही साधतात. परिच्छेद कोठेंही हलवा. ‘कित्ता’ कोणत्या जागीं शोभेल, हें यंत्र अगदीं शेवटीं ठरवितें.

पण श्रोतेहो, यंत्राची धांव येथेंच संपते. बेचाळिसाव्या पानाऐवजीं बावन्नावें लिहिलें, तर तेंही तें तितक्याच निष्ठेनें छापील. तें पान लेखकानें स्वतः वाचलें, कीं दुसऱ्याच्या टिपेवरून उतरून घेतलें, हें तें कधींही विचारणार नाहीं. टिपेचें रूप सांभाळण्याचा शीण यंत्रानें हलका केला, हें खरें. परंतु पूर्वसूरींचें ऋण प्रामाणिकपणें मान्य करणें हें काम ज्याचें होतें त्याच्याकडेच राहिलें आहे.