चुलीचा धूर आणि डॉ. पद्मावती

आजचा भाग माझ्या आजीपासून सुरू करतो. तिने आयुष्यात कधी विडी ओढली नाही. तरी शेवटची काही वर्षं उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत गेली की धाप लागायची, पाय सुजायचे. आम्ही सगळे म्हणायचो, "वय झालं." मीसुद्धा. नंतर कधीतरी १९५९ सालचा एक शोधनिबंध हाताला लागला आणि जरा गप्पच झालो.

तो लिहिणाऱ्यांपैकी एक होत्या डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती. जन्म १९१७चा, ब्रह्मदेशातला. रंगूनला डॉक्टरकी शिकल्या. १९४२मध्ये जपानी सैन्य आलं तेव्हा आई आणि बहिणींसोबत निघाल्या, त्या थेट कोईमतूरला पोचल्या. वडील आणि भाऊ मागेच राहिले, भेट झाली ती युद्ध संपल्यावर. पुढे लंडन, मग अमेरिका. जॉन्स हॉपकिन्सला हेलन टाउसिग आणि हार्वर्डला पॉल डडली व्हाइट, म्हणजे त्या काळातली हृदयरोगातली सगळ्यात मोठी नावं, त्यांच्या हाताखाली शिकल्या. परत आल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात रुजू झाल्या. देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

आता त्या निबंधाकडे येऊ. दिल्लीतले १२७ रुग्ण, आजाराचं नाव 'कॉर पल्मोनेल'. नाव अवघड आहे, प्रकार सोपा. धुराने वर्षानुवर्षं फुप्फुसं खराब होत जातात, त्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात. मग हृदयाच्या उजव्या बाजूला रक्त पुढे ढकलायला जास्त जोर लावावा लागतो. ती बाजू आधी फुगते, मग थकते. रक्त मागे तुंबतं आणि पाय सुजतात. हो, आजीचे सुजायचे तसेच.

पाश्चात्त्य देशांत हा मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार समजला जायचा. दिल्लीत बायकांचं प्रमाण पुरुषांच्या बरोबरीचं निघालं, आणि धूम्रपान करणाऱ्या त्यांच्यात फारच थोड्या! मग धूर आला कुठून? लाकडं आणि शेणी जाळणाऱ्या चुलीतून, तीही बंद खोलीतल्या. दवाखान्यात बसून थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचणारं हे निदान मला फार मोठं वाटतं.

त्यांचं बाकीचं काम पटकन सांगतो. १९५४मध्ये उत्तर भारतातली पहिली कार्डिअ‍ॅक कॅथेटर प्रयोगशाळा उभारली. १९६२मध्ये ऑल इंडिया हार्ट फाउंडेशन काढलं. १९६७मध्ये मौलाना आझाद मेडिकल कॉलेजच्या प्रमुख झाल्या. १९८१मध्ये नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूट सुरू केलं. लहानपणी घसा दुखून ताप येतो आणि पुढे हृदयाच्या झडपा खराब होतात, त्या संधिवाती हृदयरोगावरही त्यांनी भरपूर काम केलं. त्यावर पेनिसिलिनचं इंजेक्शन स्वस्त, पण ते वर्षानुवर्षं ठरावीक अंतराने घ्यावं लागतं. गावातल्या पोराला दर तीन-चार आठवड्यांनी दवाखान्यात आणायचं कोणी? हा प्रश्न एकट्या डॉक्टरच्या हातातला नाही. म्हणून तर संस्था लागतात, धोरण लागतं.

गरीब घरांतल्या बायकांना गॅस जोडणी देणारी उज्ज्वला योजना आली २०१६ साली. निबंधानंतर ५७ वर्षांनी. माझी आजी त्याआधीच गेली होती.

डॉ. पद्मावती गेल्या २९ ऑगस्ट २०२० रोजी, कोरोनाने, वयाच्या १०३व्या वर्षी. नव्वदी ओलांडल्यावरही त्या रुग्ण तपासत होत्या. आमची जुनी चूल गावच्या घरी अजून आहे. काकू अंघोळीचं पाणी तिच्यावरच तापवते, आणि परवा फोनवर बोलता बोलता खोकत होती.